मूत्रातील संसर्गदर्शक आणि कर्करोगाची पुनरावृत्ती : आरोग्यनियोजनाच्या दृष्टीने एक अभ्यास

लघवीची साधी तपासणी ही देशातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक प्रमाणात केल्या जाणाऱ्या तपासण्यांपैकी एक आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान प्रयोगशाळेतही ती उपलब्ध असते. तिच्या अहवालातील 'पस सेल्स' हा शब्द सामान्य माणसालाही परिचित झाला आहे. हा आकडा वाढलेला दिसला की संसर्ग झाला, असे मानून प्रतिजैविक सुरू करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. परंतु ज्या रुग्णावर मूत्रमार्गातील कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा व्हावयाची आहे, त्याच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ इतका सरळ नसतो. तो संसर्गाचा निदर्शक असू शकतो, तसाच तो आजार परतण्याच्या शक्यतेचाही निदर्शक असू शकतो. कित्येकदा तो यांपैकी काहीच नसतो. या तीन शक्यतांमधील फरक ओळखता येणे रुग्णाच्या प्राणांशी आणि कुटुंबाच्या अर्थकारणाशी निगडित आहे. सामाजिक क्षेत्राच्या अभ्यासकास निर्देशक आणि कारण यांतील भेद समजून घेण्यासाठीही हा विषय उपयुक्त आहे.

मूत्रसंस्थेची रचना आणि कर्करोगाचे स्वरूप

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी मूत्रपिंडाच्या द्रोणीत जमा होते. तेथून ती मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते आणि मूत्रनलिकेद्वारे शरीराबाहेर पडते. द्रोणीपासून मूत्रनलिकेच्या आरंभापर्यंत या संपूर्ण मार्गाला आतून एकाच प्रकारच्या पेशींचे अस्तर असते. या अस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगास 'युरोथेलियल' कर्करोग म्हणतात. त्यांपैकी बहुतांश कर्करोग मूत्राशयात होतात. द्रोणी आणि मूत्रवाहिनी या वरच्या भागातील कर्करोगाचे प्रमाण सुमारे ५ ते १० टक्के एवढेच असते.

अस्तर सलग असल्यामुळे या कर्करोगाला एक विशिष्ट स्वभाव प्राप्त झाला आहे. तंबाखूच्या धुरातील किंवा रंगउद्योगातील कर्करोगजनक द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात येतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. या प्रवासात संपूर्ण अस्तराचा त्यांच्याशी संपर्क येतो. त्यामुळे एका जागी गाठ काढली तरी उरलेले अस्तर धोक्याबाहेर गेले असे म्हणता येत नाही. तसेच मूळ गाठीतील पेशी लघवीच्या प्रवाहातून सुटून खालच्या भागात रुजण्याची शक्यता असते. पहिल्या प्रक्रियेत सर्व अस्तरच बिघडलेले असते, तर दुसरीत बीज एका ठिकाणाहून दुसरीकडे वाहून जाते. पुनरावृत्तीची ही दोन स्पष्टीकरणे परस्परांना पूरक आहेत.

शस्त्रक्रियेनंतरची पुनरावृत्ती

मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान होते त्या वेळी सुमारे ७० ते ७५ टक्के रुग्णांत तो अस्तराच्या थरापुरता मर्यादित असतो, मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेला नसतो. अशी गाठ मूत्रनलिकेतून दुर्बीण घालून खरवडून काढतात. जीव वाचण्याच्या दृष्टीने या अवस्थेतील आजार आशादायक असला तरी तो परत येण्याचे प्रमाण मोठे आहे. युरोपातील संशोधन संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जोखीम-कोष्टकांनुसार पाच वर्षांत पुनरावृत्तीची शक्यता जोखमीच्या गटानुसार सुमारे ३१ ते ७८ टक्क्यांपर्यंत आढळली.

वरच्या भागातील कर्करोगासाठी मूत्रपिंड, संपूर्ण मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला जेथे मिळते तेथील मूत्राशयाचा छोटा भाग काढून टाकणे ही प्रमाणभूत शस्त्रक्रिया मानली जाते. एवढी मोठी शस्त्रक्रिया होऊनही सुमारे २२ ते ४७ टक्के रुग्णांत पुढे मूत्राशयात नवी गाठ आढळते. पुरुष रुग्ण, पूर्वी झालेला मूत्राशयाचा कर्करोग, मूत्रवाहिनीतील गाठ, अनेक ठिकाणी असलेल्या गाठी आणि शस्त्रक्रियेपूर्वी लघवीत सापडलेल्या कर्करोगपेशी हे या पुनरावृत्तीचे मान्य झालेले जोखीमघटक आहेत. निदानासाठी मूत्रवाहिनीत दुर्बीण घालण्यात आली असल्यासही ही जोखीम वाढते, असे एकत्रित विश्लेषणांतून दिसून आले आहे.

पेशी वाहून जाऊन रुजतात या कल्पनेला उपचारांच्या अनुभवातूनही आधार मिळाला. ब्रिटनमधील २८४ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात मायटोमायसिन या औषधाची एकच मात्रा दिली असता पहिल्या वर्षातील पुनरावृत्ती सुमारे २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे तीत आढळले.

संसर्गदर्शक म्हणजे काय?

लघवीतील संसर्ग ओळखण्यासाठी प्रामुख्याने चार निदर्शक वापरले जातात.

पहिला निदर्शक म्हणजे पांढऱ्या पेशी, अर्थात पस सेल्स. सूक्ष्मदर्शकाखालील एका क्षेत्रात त्या पाचापेक्षा अधिक दिसल्यास त्यांचे प्रमाण वाढलेले आहे असे सर्वसाधारणपणे समजतात. दुसरा निदर्शक म्हणजे ल्युकोसाइट एस्टरेज. हे पांढऱ्या पेशींतील विकर असून रासायनिक पट्टीचा रंग बदलल्यामुळे ते ओळखता येते. तिसरा निदर्शक नायट्राइट. काही जिवाणू लघवीतील नायट्रेटचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. मात्र सर्व जिवाणू हे करीत नाहीत, आणि त्यासाठी लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असावी लागते. म्हणून नायट्राइट न आढळल्यास संसर्ग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. चौथा आणि सर्वांत विश्वसनीय निदर्शक म्हणजे कल्चर. त्यात जिवाणूंची प्रत्यक्ष वाढ करून त्यांची संख्या आणि प्रतिजैविकांना त्यांचा मिळणारा प्रतिसाद तपासतात. एका मिलिलिटरमध्ये एक लाख जिवाणू ही सुपरिचित मर्यादा अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ एडवर्ड कास यांच्या १९५० च्या दशकातील कार्यातून पुढे आली.

यांतील पहिले दोन निदर्शक दाहाची माहिती देतात आणि शेवटचे दोन जिवाणूंची. दाह आणि संसर्ग हे समानार्थी शब्द नाहीत. पस सेल्स वाढलेल्या असूनही नेहमीच्या कल्चरमध्ये जिवाणू न सापडणे ही स्थिती मुतखडा, मूत्रमार्गातील नळी, मूत्रसंस्थेचा क्षयरोग तसेच कर्करोग यांत दिसू शकते. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतासारख्या देशात तर हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

संशोधनातील निष्कर्ष आणि त्यांचा अर्थ

वरच्या भागातील कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्या लघवीत पस सेल्स अधिक होत्या, त्या रुग्णांत पुढे मूत्राशयातील पुनरावृत्ती अधिक आढळली, असे जपानमधील काही पूर्वलक्षी अभ्यासांतून निदर्शनास आले. तपासणी स्वस्त आणि सहज उपलब्ध असल्याने या निष्कर्षाकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. परंतु यावरून 'संसर्गामुळे कर्करोग परततो' असे अनुमान काढणे तर्कदुष्ट होईल. या सहसंबंधाची किमान चार स्पष्टीकरणे संभवतात.

१. उलट कार्यकारणभाव : गाठ मोठी किंवा आक्रमक असेल तर तीच आसपास दाह निर्माण करते आणि पस सेल्स वाढतात. या स्थितीत पस सेल्स हा गाठीच्या गंभीरतेचा परिणाम असतो.

२. समान कारण : निदानासाठी घातलेली दुर्बीण किंवा मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी दाहही वाढविते आणि पेशींच्या प्रसारासही वाव देते. दोन्ही परिणाम एकत्र दिसतात, पण त्यांचा परस्परांशी थेट संबंध नसतो.

३. प्रत्यक्ष कारण : दाहामुळे मूत्राशयाच्या अस्तराचे संरक्षक आवरण दुबळे होते आणि वाहून आलेल्या कर्करोगपेशींना रुजण्यास जागा मिळते.

४. निवडीचा दोष : पूर्वलक्षी अभ्यासात जुन्या नोंदींवर विसंबावे लागते. कोणाची तपासणी केव्हा झाली, प्रतिजैविके आधी दिली होती काय आणि कोणते रुग्ण पाठपुराव्यातून गळाले, यांवर निष्कर्ष अवलंबून राहतात.

पहिले किंवा दुसरे स्पष्टीकरण खरे असेल तर प्रतिजैविक देऊन पस सेल्स कमी केल्याने पुनरावृत्ती टळणार नाही. तिसरे खरे असेल तरच दाह कमी करण्याने लाभ संभवतो. याचा निर्णय पूर्वनियोजित आणि यादृच्छिक गटवारी केलेल्या चाचण्यांमधूनच होऊ शकतो. तोपर्यंत पस सेल्स हा जोखीम सुचविणारा एक पूरक निर्देशक म्हणून स्वीकारता येतो. उपचाराचे लक्ष्य म्हणून तो स्वीकारता येत नाही.

हा भेद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. ज्या जिल्ह्यांत रुग्णालये अधिक, तेथे नोंदविलेले रुग्णही अधिक असतात. म्हणून रुग्णालयांमुळे आजार वाढतो असे कोणी म्हणत नाही.

दाह नेहमी अशुभ नसतो

याच विषयातील एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. क्षयरोगप्रतिबंधक बीसीजी लस मूत्राशयात सोडून कर्करोगाची पुनरावृत्ती रोखण्याचा प्रयोग कॅनडातील अल्वारो मोरालेस आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात केवळ नऊ रुग्ण होते. पुढे ही पद्धत जगभर मान्य झाली आणि अधिक जोखमीच्या, परंतु स्नायूत न शिरलेल्या कर्करोगात ती आजही प्रमुख उपचार आहे. आरंभी आठवड्यातून एकदा याप्रमाणे सहा मात्रा देण्यात येतात. बीसीजी मूत्राशयात हेतुपुरस्सर दाह निर्माण करते आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगपेशींविरुद्ध जागृत करते. त्यामुळे अशा रुग्णाच्या लघवीत पस सेल्स वाढणे अपेक्षितच असते. म्हणजे एका रुग्णात जो आकडा जोखमीची सूचना देतो, तोच दुसऱ्या रुग्णात उपचाराचा परिणाम असतो. मात्र लक्षणे असलेला जिवाणूसंसर्ग किंवा लघवीतून उघड रक्तस्राव असताना बीसीजीची मात्रा पुढे ढकलली जाते, कारण लसीतील जिवंत जंतू रक्तात शिरण्याचा धोका असतो. मूत्राशयाच्या कर्करोगासाठीच्या बीसीजीचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही होते. गेल्या दशकात या औषधाची जागतिक टंचाई जाणवली, तेव्हा उत्पादकांची संख्या मोजकी असण्याचे परिणाम स्पष्ट झाले.

दीर्घकालीन संसर्गामुळे कर्करोग होतो, हे मात्र एका बाबतीत निर्विवाद सिद्ध झाले आहे. शिस्टोसोमा हिमॅटोबियम या परजीवी कृमीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये मानवी कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केले. नाईलच्या खोऱ्यात या कृमीच्या प्रादुर्भावामुळे मूत्राशयाचा कर्करोग इजिप्तच्या पुरुषांतील प्रमुख कर्करोग बनला होता. प्राझिक्वांटेल या औषधाच्या व्यापक वापरानंतर कृमीचा प्रादुर्भाव घटला आणि पुढे तेथील मूत्राशयाच्या कर्करोगाचे स्वरूपही बदलले. भारतात या प्रकारच्या कृमिरोगाचा एक स्थानिक केंद्रबिंदू रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे आढळल्याची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये केली होती. कारण निश्चित झाले की त्यावरील सार्वजनिक उपाय कसा परिणामकारक होतो, याचे इजिप्त हे उदाहरण आहे.

चाचणीचे गणित

कोणत्याही निर्देशकाची उपयुक्तता पाहताना संवेदनशीलता आणि विशिष्टता या दोन संज्ञा महत्त्वाच्या असतात. आजार असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी ओळखते ती संवेदनशीलता. आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती योग्य रीतीने वगळते ती विशिष्टता.

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शस्त्रक्रिया झालेले १,००० रुग्ण आहेत आणि त्यांपैकी १०० जणांना पुनरावृत्ती झाली आहे. चाचणीची संवेदनशीलता ७० टक्के आणि विशिष्टता ८० टक्के आहे. अशा वेळी १०० पैकी ७० जण ओळखले जातील आणि ३० सुटतील. उरलेल्या ९०० पैकी ७२० जण योग्य रीतीने वगळले जातील, पण १८० जणांना विनाकारण धोक्याचा इशारा मिळेल. एकूण २५० होकारार्थी अहवालांपैकी खरे केवळ ७०, म्हणजे २८ टक्के.

आता यातील अनेकांना संसर्गही आहे आणि त्यामुळे विशिष्टता ६० टक्क्यांवर आली, असे मानू. चुकीचे इशारे ३६० होतील. एकूण ४३० होकारार्थी अहवालांपैकी खरे ७०, म्हणजे सुमारे १६ टक्केच. संसर्गाची उपस्थिती चाचणीचे मूल्य कसे घटविते, हे यावरून दिसते. एनएमपी-२२, बीटीए यांसारख्या लघवीतील प्रथिनांवर आधारित कर्करोग-चाचण्यांची हीच अडचण आहे. संसर्ग, मुतखडा अथवा रक्तस्राव असल्यास त्या चुकीचा होकार देऊ शकतात. म्हणून दुर्बिणीने मूत्राशयाची प्रत्यक्ष पाहणी हाच पाठपुराव्याचा पाया राहिला आहे. लघवीतील पेशींची तपासणी तिला पूरक असते; आक्रमक कर्करोगात ती उपयोगी पडते, परंतु सौम्य प्रकारच्या गाठी तिच्यातून अनेकदा निसटतात.

याच्या उलट चूकही घडते. लघवीतून रक्त जाण्याचे कारण संसर्गच आहे असे गृहीत धरून कल्चर न करता प्रतिजैविकांचे क्रम दिले जातात आणि कर्करोगाचे निदान लांबते. स्त्रियांमध्ये मूत्रसंसर्गाचे प्रमाण अधिक असल्याने ही चूक त्यांच्या बाबतीत अधिक होते. संसर्गावरील उपचारानंतरही लघवीत रक्त राहिल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते.

पाठपुराव्याचे अर्थकारण

मूत्राशयाच्या कर्करोगाचा निदानापासून अखेरपर्यंतचा प्रतिरुग्ण खर्च सर्वाधिक खर्चिक कर्करोगांत मोडतो, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले. दीर्घकाळ चालणारी देखरेख आणि वारंवार करावे लागणारे उपचार ही त्याची प्रमुख कारणे आहेत. अधिक जोखमीच्या रुग्णासाठी पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी दुर्बीण तपासणीची शिफारस आहे. म्हणजे पाच वर्षांत १४ तपासण्या. दूरच्या खेड्यातील मजुराला यांतील प्रत्येक तपासणीसाठी प्रवास, सोबतच्या व्यक्तीचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार सोसावा लागतो. तपासणीचे शुल्क माफ झाले तरी हा अप्रत्यक्ष खर्च उरतोच. परिणामी लक्षणे नाहीशी झाली की रुग्ण फिरकत नाही आणि परततो तेव्हा आजार स्नायूत शिरलेला असू शकतो.

२०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत - प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी पाठविल्यानंतरचे १५ दिवस यांतील खर्चाचा त्यात समावेश होतो. वर्षानुवर्षे चालणारा बाह्यरुग्ण पाठपुरावा हा वेगळा प्रश्न आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही प्रगती लक्षणीय असली तरी पुनरावृत्त होणाऱ्या आजारांत उरलेला भार दीर्घकाळ वाहावा लागतो.

स्वस्त निर्देशकांचे महत्त्व येथे प्रकट होते. लघवीच्या तपासणीने दुर्बिणीची जागा घेतली जाणार नाही. परंतु गाठीचा प्रकार, संख्या, स्थान आणि पेशींची तपासणी यांच्या जोडीला तिचा उपयोग करून कोणत्या रुग्णाच्या मागे आरोग्ययंत्रणेने आवर्जून लागावे, हे ठरविण्यास मदत होऊ शकेल. त्याआधी भारतीय रुग्णांवर तिची पारख होणे आवश्यक आहे.

सार्वजनिक धोरणाचे दुवे

राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. २०१० मध्ये असंसर्गजन्य आजारांसाठी एकत्रित राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्याअंतर्गत सामूहिक तपासणीसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची निवड झालेली आहे. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी सरसकट तपासणीची शिफारस नाही. मागे पाहिलेल्या गणितावरून त्याचे कारण समजते : आजार विरळ असलेल्या समूहात चुकीच्या इशाऱ्यांची संख्या खऱ्या इशाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे रुग्णालयांत समान उपचारपद्धती रुजविण्यास चालना मिळाली. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली. पाठपुराव्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आली तर प्रवास आणि मजुरी यांचा भार बराच हलका होऊ शकेल.

दुसरा दुवा प्रतिजैविकांचा आहे. लक्षणे नसताना केवळ अहवालातील आकड्यासाठी प्रतिजैविके देणे सर्वसाधारणपणे अनावश्यक मानले जाते. गर्भवती स्त्रिया आणि अस्तरास इजा होईल अशी मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हावयाचे रुग्ण हे याला महत्त्वाचे अपवाद आहेत. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंचा धोका ओळखून २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करण्यात आला.

तिसरा आणि मूलभूत दुवा प्रतिबंधाचा. तंबाखू हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे. भारतात २००३ मध्ये तंबाखूनियंत्रणाचा कायदा झाला. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार प्रौढांतील तंबाखूसेवन २००९-१० मधील ३४.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांपर्यंत घटले. रंगउद्योगातील कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच लक्ष वेधले होते. व्यावसायिक आरोग्याचा प्रश्न तेव्हापासून या आजाराशी जोडलेला आहे.

समारोप

लघवीतील पस सेल्सचा आकडा कर्करोगाच्या पुनरावृत्तीचा निकाल देत नाही. तो पुढील प्रश्न विचारण्यास प्रवृत्त करतो. त्याचा अर्थ रुग्णाचा पूर्वेतिहास, कल्चरचा निष्कर्ष, झालेले उपचार आणि दुर्बिणीची पाहणी यांच्या संदर्भातच लावावा लागतो. निर्देशकाला कारण समजले तर अनावश्यक औषधांवर पैसा खर्च होतो. त्याची उपेक्षा केली तर परतलेला आजार उशिरा सापडतो. मर्यादित साधनसंपत्ती असलेल्या देशाला या दोन्ही चुका परवडणाऱ्या नाहीत. रुग्णाला वेळेवर परत बोलावणारी आणि त्याला परत येणे परवडेल अशी व्यवस्था उभी राहिली, तरच शस्त्रक्रियेवर झालेला खर्च सार्थकी लागेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक आरोग्यक्षेत्रातील उदाहरणाने स्पष्ट करा.

२. संवेदनशीलता आणि विशिष्टता या संज्ञांचा अर्थ सांगून विरळ आजारासाठी सामूहिक तपासणी का उपयुक्त ठरत नाही, याची चर्चा करा.

३. 'पुनरावृत्त होणाऱ्या आजारात उपचारापेक्षा पाठपुराव्याचा खर्च कुटुंबास अधिक जाचक ठरू शकतो.' भारतातील आरोग्य-संरक्षण योजनांच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.

४. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापराचे सार्वजनिक आरोग्यावरील परिणाम थोडक्यात लिहा.